खड्ड्याला फीत नसते

इमारतीवर होणारा खर्च दोन जातींचा असतो: दिसणारा आणि न दिसणारा. दिसणाऱ्या खर्चाला मतं फुटतात. बाहेरचा रंग बदामी असावा की हस्तिदंती, यावर सोसायटीची वार्षिक सभा दीड तास रंगते. फाटकावरच्या नावाच्या अक्षरांना सोनेरी कडा हवी, यावर मात्र लगेच एकमत होतं. 'अर्थिंगच्या खड्ड्यांची तपासणी' हा शेवटून पहिला विषय निघेपर्यंत नाश्ता आलेला असतो आणि कोरम शेव-खमणीकडे वळलेला असतो. लिफ्ट सुरू होते तेव्हा नारळ फुटतो, जनरेटरला झेंडूचा हार पडतो, गच्चीवरच्या सोलर पॅनेलसमोर कमिटीचा फोटो निघतो. पण फीत कापली, टाळ्या पडल्या आणि सर्वांनी वाकून झाकणाखाली पाहिलं, असा अर्थिंगच्या खड्ड्याचा समारंभ कधी कुणाच्या निमंत्रणपत्रिकेत आलेला नाही. इमारतीसाठी योग्य सर्ज प्रोटेक्टर कोणता, हा प्रश्न वरवर विजेचा वाटतो. माझ्या मते तो मुळात या खड्ड्याचा आहे, आणि आपण तो नेमका उलट्या टोकाकडून, म्हणजे दुकानाच्या काउंटरवरून, सोडवायला घेतो.

उदाहरणाला डभोई बरं. वडोदरा जिल्ह्यातलं हे गाव मराठी माणसाला शाळेच्या पुस्तकातून ओळखीचं असतं: १ एप्रिल १७३१ रोजी थोरल्या बाजीरावाने सेनापती त्र्यंबकराव दाभाड्यांना हरवलं, ती लढाई इथली. पुढे गायकवाडी आली आणि खंडेरावांच्या काळात, १८६२ साली, डभोईहून मियागामकडे छोट्या रुळांची रेल्वे सुरू झाली. तिची गंमत अशी की ती सुरुवातीला बैल ओढत. आज त्याच डभोई स्थानकातून एकतानगरला, म्हणजे जुन्या केवडियाला, जाणारी रुंद रुळांची गाडी सुटते. १७ जानेवारी २०२१ रोजी हा मार्ग सुरू झाला, आणि त्याच्या डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. या प्रवासाला प्रगती म्हणायला माझी हरकत नाही. फक्त एक गोष्ट मान्य करायला हवी, की बैलाला सर्ज लागत नाही. ढग गडगडले तर तो कान हलवतो, फार तर थबकतो आणि पुन्हा चालू लागतो. त्याचं कंट्रोल कार्ड जळत नाही आणि 'पार्ट अमदावादहून मागवावा लागेल, मंगळवारनंतर फोन करा' असं कुणी सांगत नाही. गावाने बैल सोडून कार्डं घेतली त्या दिवशी एक नवी जबाबदारीही घेतली, आणि ती निभावण्याचं शास्त्र फार लांबही नाही. वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यात १९७४ पासून 'एर्डा' ही विजेच्या उपकरणांच्या चाचण्या घेणारी संस्था आहे. शहराच्या आसपास ट्रान्सफॉर्मर बनवणारे कारखाने आहेत. म्हणजे उपकरणांना मुद्दाम तडाखे देऊन ती कशाने दगावतात हे बघणारी मंडळी तीसएक किलोमीटरवर बसलेली, आणि गावात निवड होते ती एकाच प्रश्नावर: 'यात हिरवा दिवा लागतो ना?'

सर्ज म्हणजे पंखा एकाएकी जोरात फिरू लागतो ते नव्हे. ते वाढलेलं व्होल्टेज. ते मिनिटंच्या मिनिटं टिकतं आणि त्याचा इलाज वेगळा, त्याकडे येईनच. सर्ज ही सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत येऊन गेलेली लाट असते. २३० व्होल्टच्या तारेवर ती काही हजार व्होल्ट चढवते आणि कुणी डोळा मिटायच्या आत पसार होते. त्यासाठी वीज इमारतीवरच पडायला हवी असंही नाही. गावाबाहेरच्या लाइनवर किंवा दोन शेतं पलीकडच्या लिंबाच्या झाडावर पडली तरी तिचा वाटा तारांतून आणि जमिनीतून घरापर्यंत पोचतो. प्रोटेक्टरच्या पोटात बहुधा झिंक ऑक्साइडची एक चकती असते. नेहमीच्या व्होल्टेजला ती गप्प असते; व्होल्टेज ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की तिचा विरोध एकदम कोसळतो आणि लाट तिच्यातून निघून जाते. कुठे जाते? इथेच सगळी गोम आहे. प्रोटेक्टर लाट गिळत नाही, तिला बाजूला काढून जमिनीत धाडतो. जमिनीकडे जाणारी वाटच नसेल तर हजारो रुपयांचा प्रोटेक्टर भिंतीवर लावलेलं एक शोभिवंत खोकं उरतं. ते फेज आणि न्यूट्रल यांच्यात थोडीफार समजूत घालू शकेल, त्याहून जास्त काही नाही.

आणि वाट नसते, हे जितक्या घरांत खरं निघेल तितकं आपल्याला मान्य करायचं नसतं. प्लगच्या तिसऱ्या भोकामागची हिरवी तार स्विचबोर्डाच्या आत नीट गुंडाळून ठेवलेली असते. तिचं दुसरं टोक कुठे जातं हे तिलाही माहीत नसतं. खाली जमिनीत कधीकाळी मीठ-कोळसा घालून जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची प्लेट पुरलेली असते. मीठ ओल धरतं म्हणून घालतात, आणि तेच मीठ प्लेट खात बसतं. कपाशीच्या काळ्या जमिनीचा हा मुलूख. ओली असताना ही माती वीज वाहून न्यायला फार चांगली, पण मे महिन्यात तिला भेगा पडतात आणि माती प्लेटचा हात सोडून देते. म्हणून खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालायचं असतं, त्यासाठी वर नळी आणि नरसाळं ठेवलेलं असतं. प्रत्यक्षात त्या झाकणावर तुळशीची किंवा कोरफडीची कुंडी असते. पाणी रोज पडतं, पण कुंडीत.

दुकानात जाण्याआधी मनातल्या काही जुन्या रखवालदारांना रजा द्यायला हवी. 'आमच्याकडे एमसीबी आहे' हे पहिलं उत्तर. एमसीबी तारा जळण्यापासून वाचवतो. त्याला जागं व्हायला काही हजारांश सेकंद तरी लागतात आणि लाट तोवर टीव्हीची विचारपूस करून गेलेली असते. आरसीसीबी माणसाला शॉकपासून वाचवतो, त्याच्यापुरतं त्याचं काम मोठं आहे, पण लाट हा त्याचा विषय नाही. स्टॅबिलायझर सावकाश चढणाऱ्या-उतरणाऱ्या व्होल्टेजसाठी असतो. लाटेपुढे तो स्वतःच आधी धारातीर्थी पडतो, आणि लोक त्यालाच त्याचं कर्तव्य समजतात. राहिला स्पाइक गार्ड, म्हणजे लाल दिव्याचं बटण असलेला एक्स्टेन्शन बोर्ड. त्यात बऱ्याचदा एक लहानशी चकती असते, कधी तीही नसते आणि नुसता दिवा असतो. दिवा वीज आल्याचं सांगतो, चकती जिवंत असल्याचं नाही. पण दिवा दिसतो. चकती दिसत नाही.

वीज आणि विश्वास यांचं नातं जुनंच आहे, त्यामुळे दिव्यावर भरवसा ठेवणाऱ्यांना हसण्यात अर्थ नाही. पायाळू माणसाकडे वीज ओढली जाते, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. युरोपात वादळ आलं की चर्चच्या मनोऱ्यात जाऊन घंटा वाजवायची पद्धत होती, आवाजाने वीज पांगते म्हणून. म्युनिकमध्ये १७८४ साली छापलेल्या एका पुस्तकाने हिशेब मांडला: ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि घंटा वाजवणारे १०३ जण मेले. गावातल्या सर्वांत उंच जागी, ओल्या दोराला धरून उभं राहायचं, तेही नेमकं वादळात! आजही भारतात विजेने दरवर्षी अडीच हजारांहून जास्त माणसं मरतात आणि त्यातली बरीचशी शेतात किंवा झाडाखाली असतात. त्यांच्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 'दामिनी' हे ॲप काढलं आहे आणि ते प्रत्येकाच्या फोनमध्ये असावं. इमारतीत राहणाऱ्याचा जीव त्या मानाने सुखरूप असतो. त्याचा प्रश्न फ्रिजचा असतो, म्हणूनच त्यावर विनोदी लेख लिहिता येतो.

पायाळूपणाची कल्पना मात्र सोसायटीत वेगळ्या रूपाने टिकून आहे. सगळ्यांच्या मनात वरचा मजला पायाळू असतो. लिफ्टच्या देखभालीला वर्गणी द्यायला तळमजला जसा कुरकुरतो, तसाच तो इथेही म्हणतो की वीज पडली तर गच्चीवर पडेल, आमचा काय संबंध? हा युक्तिवाद ऐकायला तर्कशुद्ध आहे आणि वस्तुस्थितीच्या बरोबर उलटा आहे. कारण तार इमारतीत शिरते ती खालून, मीटररूममधून. रस्त्यावरच्या लाइनवरून आलेली लाट मजले मोजत चढत असेल तर पहिलं दार तळमजल्याचंच लागतं.

दारांवरून डभोईचा किल्ला आठवणं साहजिक आहे. सिद्धराज जयसिंहाच्या नावावर सांगितला जाणारा आणि तेराव्या शतकात वाघेला विसलदेवाने उभारून घेतलेला हा कोट चार दिशांना चार वेशी ठेवून आहे: पूर्वेला हीरा भागोळ, पश्चिमेला वडोदरी, दक्षिणेला नांदोदी, उत्तरेला चांपानेरी. हीरा भागोळीवरचं कोरीवकाम बघायला माणसं दुरून येतात. ते घडवणाऱ्या हिराधर शिल्प्याला भिंतीत जिवंत चिणलं, अशी दंतकथा आहे. हल्लीच्या कमिट्या जास्त दयाळू. त्या कॉन्ट्रॅक्टरचा फक्त शेवटचा हप्ता अडकवतात. मुद्दा असा की तीन वेशी लोखंडी दारांनी बंद करून चौथी सताड उघडी ठेवली तर कोट बांधण्याचा खर्च गावाने हौसेखातर केला असंच म्हणावं लागेल. आणि आजच्या इमारतीला चारच वेशी असत्या तर कोण आनंद झाला असता! मध्य गुजरात वीज कंपनीची तार ही फक्त मुख्य वेस. त्याशिवाय गच्चीवरच्या डिशची केबल, फाटकाजवळच्या सीसीटीव्हीची तार, इंटरकॉम, पाण्याच्या टाकीतल्या फ्लोटची तार, कंपाउंडमधल्या दिव्यांची लाइन, शेजारच्या दुकानाला 'तात्पुरतं' दिलेलं कनेक्शन. टीव्हीच्या प्लगला उत्तम प्रोटेक्टर लावायचा आणि त्याच टीव्हीच्या पाठीत डिशची केबल तशीच खुपसायची, हा प्रकार सर्रास चालतो. मग टीव्ही गेला की दोष प्लगच्या प्रोटेक्टरला. इंटरनेटचं फायबर तेवढं निर्दोष, कारण काचेतून वीज वाहत नाही, पण राउटरचा ॲडॉप्टर शेवटी भिंतीतल्या सॉकेटलाच लटकलेला असतो.

सोलर ही सगळ्यांत नवी वेस. छतावरच्या पॅनेलच्या बाबतीत गुजरात देशात पुढे आहे. त्या पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत येणारी तार डीसी असते आणि तिला डीसीसाठीच बनवलेला, पॅनेलच्या एकूण व्होल्टेजला पुरणारा वेगळा प्रोटेक्टर लागतो. एसीचा उरलेला इथे बसवून टाकला तर 'चालशे' असं वायरमन म्हणेल, आणि ते एका पावसाळ्यापुरतं खरंही असेल. सोलर बसवताना तीन नवे खड्डे होतात: एक तडितरक्षकाचा, एक डीसीचा, एक एसीचा. ते एकमेकांशी तांब्याच्या किंवा जीआयच्या पट्टीने जोडलेले नसतील तर वीज पडताच एका खड्ड्याची जमीन दुसऱ्याच्या जमिनीपेक्षा हजारो व्होल्ट वर जाते आणि तो फरक भरून काढण्यासाठी लाट इन्व्हर्टरमधून रस्ता काढते. तीन तिगाडा म्हणतात तो असा. खड्डे वाढवल्याने अर्थिंग वाढतं ही समजूत मोडायला काही इन्व्हर्टर शहीद व्हावे लागतात.

शिवाय सगळे शत्रू वेशीबाहेरच असतात असंही नाही. त्र्यंबकराव दाभाड्यांना लागलेली गोळी त्यांच्याच बाजूच्या मामाने झाडलेली होती, अशी एक परंपरागत हकिकत आहे. ती खरी असो वा नसो, इमारतीत हे मामा नक्की असतात. लिफ्टची मोटर, पाण्याचा पंप, एसीचे कॉम्प्रेसर, तळमजल्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याचं वेल्डिंग मशीन. यांचं बटण दाबलं-सोडलं की छोट्या लाटा आतल्या आतच उठतात. त्या एका झटक्यात काही जाळत नाहीत, एलईडी दिव्यांचं आणि चार्जरचं आयुष्य कुरतडत राहतात. म्हणून एकाच मुख्य प्रोटेक्टरवर भागत नाही. मीटररूममध्ये पहिला, मजल्यावरच्या किंवा फ्लॅटच्या डीबीत, म्हणजे वीजवाटपाच्या पेटीत, दुसरा, आणि फार नाजूक वस्तूपाशी तिसरा अशी उतरंड लागते. पहिल्यापासून दहाएक मीटरपलीकडे गेलात की त्याच्या भरवशावर राहू नये. लिफ्टच्या आणि पंपाच्या पॅनेलला आपापला हवा.

आता काउंटरवर जाऊ. तिथे सगळ्यांना एकच आकडा वाचता येतो: किलोअँपिअर. खोक्यावर ४० लिहिलेलं असतं, शेजारच्यावर १००, आणि जास्त म्हणजे चांगलं ही आपली सर्व क्षेत्रांतली श्रद्धा. खरं तर ४० हा बहुधा तो प्रोटेक्टर एकदा सोसू शकेल असा सर्वांत मोठा तडाखा असतो. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत दिलेला २०चा आकडा जास्त प्रामाणिक, कारण चाचणीत तितके तडाखे पंधरा वेळा देऊन बघतात. त्याहून महत्त्वाचा तडाख्याचा आकार. प्रोटेक्टरच्या टाइप २ या जातीची चाचणी ८/२० मायक्रोसेकंदांच्या लाटेने होते, टाइप १ या जातीची १०/३५० मायक्रोसेकंदांच्या. आकडा तेवढाच असला तरी दुसऱ्या लाटेतून जाणारा विद्युतभार पहिलीच्या वीसएक पट असतो. त्यामुळे टाइप १चा साडेबारा हा टाइप २च्या ४०पेक्षा गरीब दिसतो आणि कितीतरी दणकट असतो.

हा साडेबाराही कुणी पंचांग बघून काढलेला नाही. आयईसी ६२३०५ या मानकात साध्या इमारतीसाठी १०० किलोअँपिअरची वीज धरतात. त्यातली अर्धी इमारतीच्या अर्थिंगमधून जमिनीत जाते आणि उरलेली ५० तीन फेज व एक न्यूट्रल अशा चार तारांत वाटली जाते: प्रत्येकी साडेबारा. रुग्णालयासारख्या जोखमीच्या इमारतीला २०० धरतात, म्हणून तिथे पंचवीस. या सुबक भागाकारात एक गोष्ट गुपचूप गृहीत धरलेली आहे: अर्धी वीज जमिनीत जाते! म्हणजे तुमच्या कोरफडीच्या कुंडीखालचा खड्डा शुद्धीवर आहे असं ते गणित मानून चालतं. तो बेशुद्ध असेल तर तारांच्या वाट्याला पन्नासाहून जास्त येतं, आणि दुकानदाराने अगदी बरोबर दिलेला प्रोटेक्टरही अपुरा ठरतो.

दुसरा आकडा २७५ की ३२०, हा. प्रोटेक्टर कायम किती व्होल्ट सोसू शकतो ते हे सांगतं. आकडा जितका कमी तितकं संरक्षण जवळचं, असं वाटून लोक २७५ उचलतात. पण रात्री गाव झोपलं, भार उतरला आणि ट्रान्सफॉर्मरजवळच्या घराचं व्होल्टेज वर सरकलं की हा अतितत्पर पहारेकरी दर रात्री थोडा थोडा तापून म्हातारा होतो. जिथे व्होल्टेज मनमानी करतं तिथे ३२० बरा. तीन फेजच्या इमारतीत, जिथे अर्थिंग आपलं आपण केलेलं आहे, तिथे '३+१' जोडणीचा मागावा: तिन्ही फेज न्यूट्रलशी चकतीने आणि न्यूट्रल जमिनीशी स्पार्क गॅपने. आणि प्रोटेक्टरपाशी उरणारं व्होल्टेज, म्हणजे लाट वळवूनही उपकरणापर्यंत किती पोचतं तो आकडा, दीड हजारांच्या आत असावा.

मात्र इथे एका माणसाच्या हातात सगळं असतं आणि त्याचं नाव कुठल्याही मानकात नाही: वायरमन. प्रोटेक्टरच्या जोडतारांची एकूण लांबी, लाइनपासून प्रोटेक्टर आणि तिथून अर्थची पट्टी मिळून, अर्ध्या मीटरच्या आत ठेवा असं नियम सांगतो. याला कारण आहे. इतक्या झपाट्याने चढणाऱ्या प्रवाहाला सरळ तांब्याची तारही अडवते. मायक्रोसेकंदाला हजार अँपिअर या वेगाने प्रवाह चढत असेल तर दर मीटर तारेवर सुमारे हजार व्होल्ट उभे राहतात. साधं घरगुती उपकरण अडीच हजारांपर्यंतचा तडाखा सोसेल असं बनवलेलं असतं. आता दीड हजारवाला उत्तम प्रोटेक्टर घ्या आणि तो दोन मीटर तारेने जोडा: साडेतीन हजार. पैसे पूर्ण गेले, संरक्षण शून्य. आणि आपला वायरमन, बिचारा, नीटनेटक्या कामाचा भोक्ता. तो तार पॅनेलच्या कडेकडेने काटकोनात फिरवतो, उरलेल्या तारेचं छान वेटोळं करतो, टायने बांधतो आणि चेअरमन म्हणतात, 'वा, काय फिनिशिंग आहे!' तिरपी, आखूड, जरा गचाळ दिसणारी तार टीव्ही वाचवते. पण तशी तार लावणाऱ्याला पुढच्या वेळी कुणी बोलावत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की आमच्या गच्चीवर तडितरक्षक आहे, मग हे सगळं कशाला? तडितरक्षक इमारतीचे दगड-विटा वाचवतो. वीज स्वतःकडे घेऊन तो ती भिंतीच्या कडेने खाली उतरवतो, म्हणजे हजारो अँपिअर तुमच्या वायरिंगशेजारून नेतो. तडितरक्षक असेल तर मीटररूममध्ये टाइप १ प्रोटेक्टर टाळता येत नाही. पण गच्चीवरची काठी दिसते, तिच्यावर वाद घालता येतो, आणि हा वादही जुना आहे. फ्रँकलिनने टोकदार काठ्या सुचवल्या. १७७७ साली इंग्लंडमध्ये परफ्लीटच्या दारूगोळा कोठाराच्या इमारतीवर अशा काठ्या असूनही वीज पडली, थोड्या विटा निखळल्या, आणि टोक अणकुचीदार हवं की गोल यावर विद्वानांत जुंपली. तिसऱ्या जॉर्ज राजाने आपल्या राजवाड्यावर गोल गोळे लावले, कारण फ्रँकलिन तोवर बंडखोर अमेरिकनांच्या बाजूला गेला होता. राजद्रोही टोक राजवाड्यावर कसं चालेल? आजच्या जाहिरातीत एकाच चमकदार काठीने शंभर मीटर परिसर वाचवायचं आश्वासन असतं. तशा काठ्यांना आयईसी ६२३०५ मध्ये जागा नाही, पण ती काठी गच्चीवर एखाद्या क्षेपणास्त्रासारखी उभी राहते, त्यामुळे ठराव मंजूर होतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: गडगडायला लागलं की प्लग काढून ठेवावा, फुकटात काम होतं. हे अगदी खरं आहे. काढलेल्या प्लगइतका चांगला सर्ज प्रोटेक्टर अजून कुणी बनवलेला नाही, आणि आजीबाईंच्या या उपायाला कुठल्याही प्रयोगशाळेने नावं ठेवू नयेत. अडचण एवढीच की लिफ्टचा प्लग काढता येत नाही, दुपारी घरात कुणी नसतं, आणि रात्री तीनला ढग वाजले तर फ्रिजमागे हात घालायला जो उठतो तो सहसा सोसायटीच्या सभेला नसतो. ज्याचं घर तळमजल्याचं, दोन खोल्यांचं आणि माणसांनी भरलेलं आहे त्याने प्लगच काढावा, प्रोटेक्टरचे पैसे अर्थिंगवर घालावेत. चार मजली इमारतीला तो मार्ग नाही.

तिसरी तक्रार: 'मागच्या वर्षी प्रोटेक्टर लावला, तरी एका रात्रीत नऊ घरांचे टीव्ही गेले.' एका रात्रीत ओळीने घरं गेली की बहुतेक वेळा गुन्हेगार तुटलेला न्यूट्रल असतो. खांबावर न्यूट्रल निखळला की काही घरांना दोनशे तीसऐवजी चारशेच्या आसपास व्होल्ट मिळतात, तेही मिनिटंच्या मिनिटं. प्रोटेक्टरची चकती मायक्रोसेकंदांसाठी असते. ती यात जळते आणि मरताना कुणाला वाचवत नाही. त्यासाठी व्होल्टेज जास्त झालं की लाइनच तोडणारा रिले वेगळा लागतो, आणि तो तुलनेने स्वस्त असतो. प्रोटेक्टर नको म्हणणाऱ्यांपेक्षा प्रोटेक्टरकडून सगळंच मागणारे त्याची बदनामी जास्त करतात.

आणि शेवटी सभेतला तो गृहस्थ, जो पुरावा मागतो: 'तुमच्या यंत्राने आजवर काय वाचवलं ते दाखवा.' याला सरळ उत्तर नाही. न जळलेल्या टीव्हीचा पंचनामा होत नाही. पण काही महाग प्रोटेक्टरवर लाटा मोजणारा काउंटर मिळतो. विजेच्या दृष्टीने त्याची गरज नाही, तरी मी तो घ्यायच्या बाजूने आहे. पावसाळ्यानंतर सेक्रेटरींनी सभेत उभं राहून 'या वर्षी अकरा' असं सांगितलं, की पुढच्या वर्षीच्या मीठ-कोळशाला आणि अर्थ टेस्टरने होणाऱ्या तपासणीला विरोध करायची कुणाची छाती होणार नाही. ज्या समाजाला दिसणारा खर्च लागतो त्याला आकडा दाखवावा. त्या आकड्याच्या आडून खड्ड्यात पाणी पडत असेल तर अधिकउणं बोलू नये.

चकती मात्र प्रत्येक तडाख्याने थोडी झिजते आणि एक दिवस संपते. ते कळावं म्हणून प्रोटेक्टरवर छोटी खिडकी असते: हिरवी म्हणजे जिवंत, लाल म्हणजे बदला. जूनच्या आधी एकदा आणि मोठ्या वादळानंतर एकदा ती बघायची असते. काही नमुन्यांत खिडकी लाल झाली की लांबवरचा दिवा किंवा घंटी चालू करणारा संपर्कही असतो, तो बघून घ्यावा. कारण खिडकी मीटररूममध्ये असते, मीटररूमला कुलूप असतं, किल्ली वॉचमनकडे असते आणि वॉचमन लग्नाला गोधऱ्याला गेलेला असतो. तो परत आल्यावर दार उघडतं, तर आतला बल्ब गेलेला. नव्या बल्बचा खर्च कॉमन लाइटिंगमध्ये धरायचा की दुरुस्ती खात्यात, याचा निर्णय कमिटीच्या पुढच्या बैठकीवर ढकलला आहे.